खानापूर भागातलं चर्च ऑफिस: आईच्या मावशीचा माग लागला (पाचपैकी चार तारे)

आईची थोरली मावशी लग्न न करता मठात गेली, एवढंच आमच्या घरात माहीत होतं. सिस्टरांच्या कुठल्या संघात गेली, कुठं वारली, सांगणारं कुणी उरलं नाही. आईला तिच्या थडग्यावर एकदा मेणबत्ती लावायची आहे, म्हणून मी मागं लागले.

आधी एका पैसे घेणाऱ्या वेबसाइटला काम दिलं. रंगीत वंशावळ आली आणि त्यात मावशी १९३०नंतर जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात! तो मठ १६०६चा. १८३४ मध्ये पोर्तुगीज सरकारनं धर्मसंघांवर बंदी आणली, तिथं नव्या मुली घेणं थांबलं आणि शेवटची धर्मभगिनी १८८५ मध्ये वारली. कुठलंही नाव कुठंही चिकटवून पैसे घेतात याचा मला फार राग आला.

मग गावच्या चर्चच्या ऑफिसात गेले. बेळगाव धर्मप्रांत, म्हणजे तिथल्या बिशपांच्या हाताखालचा भाग, १९५३ मध्ये झाला. त्याआधी इकडची बरीच चर्चं गोव्याच्या आर्चबिशपांकडं होती, त्यामुळं बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या पोर्तुगीजमध्ये. क्लार्क अंकल वयस्कर, पण त्यांना ते अक्षर सरावानं लागतं. मी मावशीचं सिस्टर म्हणून घेतलेलं नाव विचारायला लागले तर म्हणाले, "ते नाव इथं कसं मिळेल? आईबापाचं नाव आणि वर्ष सांगा की." मठात गेल्यावर नाव बदलायचं, बाप्तिस्म्याच्या वहीत जन्मनावच असतं.

वही पांढऱ्या कापडात गुंडाळलेली, कडा कसरीनं खाल्लेल्या. अंकल पान न दाबता पट्टी सरकवत एकेक ओळ वाचत गेले. मावशीची नोंद सापडली: बाप, आई, दोन्ही आजे, धर्ममाता. आणि समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात, मठासाठी दाखला दिला, संघाचं नाव, १९३४. आईला फोनवर वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ बोललीच नाही.

सिस्टर होण्याच्या उमेदवारीत मुलगी घेण्याआधी संघ बाप्तिस्म्याचा दाखला मागतोच, चर्चचा नियमच आहे. म्हणजे तोच कागद संघाकडच्या तिच्या फाइलीत असणार. त्या संघाच्या प्रांतिक मदरना, म्हणजे त्या भागातल्या सिस्टरांच्या प्रमुखांना, पत्र लिहिलं, सोबत नोंदीची प्रत आणि नातं सांगणारा कागद जोडला. उत्तर आलं: पहिली व्रतं, शेवटची व्रतं, कुठल्या दवाखान्यात किती वर्षं, वारल्याची तारीख, दफनभूमीतली जागा. दवाखान्यात बाळंतिणींची रात्रपाळी ती स्वतः मागून घ्यायची, असंही त्यात लिहिलंय.

एक तारा कापला कारण फोन कुणी उचलत नाही आणि जुन्या वह्यांना नावांची यादी नाही. वर्ष माहीत नसेल तर पान न् पान बघावं लागतं. फोटो काढू देत नाहीत, ते मला बरोबर वाटतं. ठरलेली फी नाही, देणगी टाकायची.

जाताना आधार कार्ड, घरच्या मोठ्यांकडून आईबापाची नावं आणि अंदाजे जन्मवर्ष लिहून न्या. सकाळच्या मिसानंतर (चर्चमधल्या प्रार्थनेनंतर) लगेच गाठा, दुपारी अंकल जेवायला घरी जातात.