शॉकच्या रिबिल्डचं बिल आणि आत जुनाच माल

बेळगावजवळच्या खानापूर भागातली एक हिरो एक्सपल्स २०० ४व्ही प्रो मोटरसायकल. मागच्या शॉकचं काम म्हणून गॅरेजवाल्याने बिलात तीन गोष्टी लावल्या: जाड स्प्रिंग, व्हॉल्व्हिंगमध्ये (आतल्या तेलाचा प्रवाह ठरवणाऱ्या भागात) बदल आणि नायट्रोजन गॅस. गाडी देताना मालकाला सीट दाबून बघायला सांगितली. सीट कडक लागली, मालकाने पैसे दिले. जांबोटीच्या पुढे कणकुंबीकडे सलग खड्डे लागले आणि प्रत्येक खड्ड्याला मागची बाजू जास्तच उसळायला लागली.

दुसऱ्या गॅरेजात शॉक उतरवला तेव्हा खरं काम दिसलं. स्प्रिंग जुनीच, वर नवा लाल रंग. प्रीलोडची (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी) रिंग खूप खाली आवळलेली आणि रिबाउंडचा (दबलेला शॉक किती वेगाने परत उघडतो ते ठरवणारा) स्क्रू पूर्ण बंद. गॅस सोडून आत बघितलं तर शाफ्टच्या टोकाला कंपनीने ठोकलेल्या खुणा जशाच्या तशा. व्हॉल्व्हिंग बदलायचं म्हणजे आतल्या शिम्स (पातळ चकत्या) बदलायच्या, आणि त्यासाठी ते टोक घासल्याशिवाय नट निघतच नाही.

सीट कडक लागणं हा पुरावाच नव्हे, आणि लोक नेमके इथेच फसतात. प्रीलोड आवळला की सुरुवातीचा दाब वाढतो, स्प्रिंगचा ताठपणा तोच राहतो. रिबाउंड बंद असेल तर दबलेलं चाक पुढच्या खड्ड्याआधी परत खाली येत नाही. शॉक दबलेलाच राहतो, चाकाचा वर-खाली व्हायचा प्रवास (ट्रॅव्हल) संपतो आणि धक्का थेट कंबरेत बसतो.

पैसे देण्याआधी टेप घेऊन सॅग, म्हणजे वजनाने गाडी मागे किती खाली बसते ते, मोजा. मागच्या अ‍ॅक्सलपासून सरळ वर मडगार्डवर एक खूण करा आणि तिथपर्यंतचं अंतर तीनदा मोजा. पहिलं माप चाक अधांतरी असताना, दुसरं गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना, तिसरं हेल्मेट-बूट घालून तुम्ही बसल्यावर. पहिल्यातून तिसरं वजा केलं की रायडर सॅग. तो प्रवासाच्या साधारण ३० ते ३३ टक्के हवा. या गाडीच्या २२० मिमी प्रवासाला ६६ ते ७३ मिमी. मग पहिल्यातून दुसरं वजा करा. रायडर सॅग बरोबर, पण गाडी नुसत्या स्वतःच्या वजनावर जेमतेम १५-२० मिमी बसत असेल, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे आणि ते प्रीलोडने झाकलंय. बरेच मेकॅनिक हे उलटं सांगतात.

'जाड स्प्रिंग' म्हटलं की व्हर्नियर (तारेची जाडी अचूक मोजायचं साधन) लावा, काम देण्याआधी आणि नंतर. बाकी मापं तीच ठेवून तार १२ची १२.५ मिमी झाली तरी ताठपणा सुमारे १८ टक्के वाढतो, त्यामुळे अर्ध्या मिमीचा फरकही मोठा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात कुठल्याही लेथवाल्याकडे व्हर्नियर मिळेल. रंग देताना स्प्रिंगवरचा नंबर झाकला असेल तर तिथेच विचारा.

नायट्रोजनचा दाब बऱ्याच शॉकमध्ये १० बारच्या आसपास असतो. त्याला सिलिंडर आणि रेग्युलेटर लागतो, टायरवाल्याचं मशीन चालत नाही. साधा गेज लावून तपासू नका, जागा इतकी लहान असते की गेज लावतानाच बराच गॅस जातो. भरताना समोर उभं राहूनच बघा.

जुनं सील, बुश आणि काढलेलं तेल परत मागा. रिबाउंड पूर्ण बंद स्थितीपासून किती क्लिक उघडा ठेवलाय, ते बिलावर लिहून घ्या. बिल पक्कं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत.