पोलर एच १०: चार मिनिटांच्या राउंडला पक्का, दोनशे मीटरला बिनकामाचा

परभणी काय, लातूर काय, पहाटेच्या मैदानावर इंटरवल, म्हणजे मध्ये विश्रांती घेत जोरात पळण्याचे राउंड, म्हणजे एकच प्रकार: शिट्टी झाली की जीव खाऊन पळायचं आणि मग कमरेवर हात ठेवून धापा टाकायच्या. भरतीची पोरं असोत की हाफ मॅरेथॉनवाले, 'फुल' सोडून दुसरा वेग कुणाला ठाऊक नसतो. पोलर एच १० हा हृदयाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा घ्यायचा तो या सवयीवर उतारा म्हणून.

हा पट्टा हृदयाचे विद्युत संदेश थेट टिपतो. मनगटी घड्याळ हिरव्या उजेडाने कातडीखालचा रक्तप्रवाह मोजतं. ते सैल असलं किंवा हात जोरात हलला की ठोके सोडून पावलं मोजायला लागतं. पळताना मिनिटाला पावलंही १७०-१८० पडतात, त्यामुळे समोरचा १७५ हृदयाचा की पायांचा, हे कळत नाही. नेमक्या जोराच्या राउंडमध्येच हा घोळ होतो.

तीव्रतेने किती फरक पडतो? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, संशोधक हेल्गेरूद यांच्या नॉर्वेतील प्रयोगात आठवडे ८ होते, आठवड्याला सत्रं ३, आणि एकूण काम सगळ्या गटांना सारखंच. कमाल ठोक्यांच्या ९०-९५ टक्क्यांवर ४ मिनिटांचे ४ राउंड (४×४) करणाऱ्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता ७.२ टक्के वाढली, १५ सेकंद जोरात आणि १५ सेकंद हळू पळणाऱ्यांची ५.५ टक्के. ७० आणि ८५ टक्क्यांवर सलग पळणाऱ्यांच्या क्षमतेत म्हणावी अशी वाढ झाली नाही. म्हणजे जोर लागतोच, पण तो ९५ च्या आत.

समजा तुमचे कमाल ठोके मिनिटाला १९० आहेत. मग राउंड १७१ ते १८० मध्ये आणि मधली ३ मिनिटं १३३ च्या आसपास हळू जॉगिंग, उभं राहणं नाही. ५ किलोमीटर २० मिनिटांत पळणाऱ्याचा राउंड साधारण १ किलोमीटरचा, ३:५२ ते ३:५८ चा. पहिल्या मिनिटात आकडा मागेच राहणार. दीड-दोन मिनिटांनी तो १७१ गाठतो. पहिल्याच राउंडच्या दुसऱ्या मिनिटाला १८० दिसले, तर सुरुवात चुकली. चौथा राउंड १०-१५ सेकंदांनी घसरतो तो यामुळे, 'दम कमी' म्हणून नाही.

कमाल आकडा '२२० वजा वय' करून भरू नका. त्यात १०-१२ ठोक्यांची चूक सहज निघते. संभाजीनगरला गोगाबाबा टेकडी आहेच. तब्येत धडधाकट असेल तर १५ मिनिटं वॉर्मअप, मग चढावर ३-३ मिनिटांचे तीन राउंड, शेवटचा पूर्ण ताकदीने. त्यात दिसलेला सर्वांत मोठा आकडा घ्या.

२००, ४०० मीटर किंवा ३० सेकंदांच्या राउंडला मात्र पट्ट्याकडे बघूच नका. ठोके वर चढेपर्यंत राउंड संपलेला असतो आणि आकडा विश्रांतीत वाढत राहतो. तिथे स्टॉपवॉचच खरं. ट्रॅकवर पहिली लेन धरा. चौथ्या लेनची फेरी ४०० ऐवजी ४२३ मीटरच्या आसपास भरते, आणि मग वेग 'पडला' म्हणून उगीच तोंड पाडून बसायचं.

एप्रिल-मेमध्ये आणखी एक घोळ. उन्हात तोच वेग ठेवला तरी ठोके वाढत जातात, कारण रक्त कातडी थंड ठेवायलाही लागतं. तेव्हा १८० ची मर्यादा पाळून वेग सोडा. पहाटे साडेपाचला सुरू केलं तर ही कटकट निम्मी.

बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२४ मध्ये ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, ८:०९.९१ मध्ये पळाला. आठ मिनिटांची ती शर्यत जवळपास याच ऑक्सिजन वापरण्याच्या क्षमतेच्या टोकावर चालते. भरतीच्या १६०० मीटरचंही तसंच, त्यामुळे त्या पोरांनाही रोज ४०० मीटरच्या 'फुल' राउंडपेक्षा आठवड्यातून दोनदा हे ४×४ बरे.

वापरातली खोड एकच: कोरडा पट्टा पहिली ५-१० मिनिटं वेडेवाकडे आकडे देतो. आतले काळे पट्टे पाण्याने ओले करून छातीखाली घट्ट बसवा. पळून आल्यावर कोमट पाण्यात खळबळून सावलीत वाळवा. मीठ साचलं की आकडे उड्या मारतात. मधलं यंत्र पट्ट्याला लावून ठेवू नका, ओलसर पट्ट्यावर ते चालूच राहतं आणि सीआर २०२५ सेल फुकट जातो.