स्नॅपी की सीएफमेश?

ओपनफोमवर (द्रव-वायूंचा प्रवाह संगणकावर सोडवायचं सॉफ्टवेअर) नवीन आलेला माणूस सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) कुठला, टर्ब्युलन्स (प्रवाहातली खळबळ) मॉडेल कुठलं, यावर आठवडाभर डोकं लावतो आणि मेश, म्हणजे जागेचे छोट्या-छोट्या सेलमध्ये केलेले तुकडे, कशाने करायचा हे मात्र शेजारच्याला विचारून उरकतो. मीही तसंच केलं होतं. शेजारचा स्नॅपीहेक्समेश हे मेश करणारं साधन वापरायचा, म्हणून मीही स्नॅपी. तीन-चार वर्षांनी सीएफमेश या दुसऱ्या साधनाकडे वळलो. माझं काम बहुतेक व्हॉल्व्ह आणि पाइपमधलं, तेव्हा पुढचं त्या हिशेबाने वाचा.

स्नॅपीचा पसारा मोठा. आधी ब्लॉकमेशने भोवतालचा जाड सेलचा खोका, मग भूमितीच्या कडा वेगळ्या काढायच्या, मग ती लांबलचक डिक्शनरी, म्हणजे सेटिंगची फाइल. मेश कुठल्या बाजूला हवा ते सांगणारा आतला बिंदू सेलच्या फेसवर (सेलच्या बाजूवर) पडला तर पंचाईत, म्हणून मी सवयीने 0.0137 असले वाकडे आकडे टाकतो. बारीकपणा लेव्हलमध्ये सांगायचा, दर लेव्हलला सेलची लांबी निम्मी. खोक्यातला सेल 10 मिमीचा असेल तर लेव्हल 2 म्हणजे 2.5 मिमी. पण उद्या खोका बदलला की सगळ्या लेव्हलचा अर्थही बदलतो, आणि हे लक्षात येतं सेलची संख्या बघून घाम फुटल्यावर. सीएफमेशला एक बंद सरफेस आणि सेलचं माप सरळ लांबीत दिलं की पुरतं. आतून तोही अर्ध्या-अर्ध्यानेच जातो. कमाल 10 ठेवून 3 मागितलं तर 2.5 मिळतं. पण तो हिशेब त्याचा तो करतो.

एवढ्यावर मी स्नॅपी सोडला नसता. सोडला तो लेअरमुळे, म्हणजे भिंतीला चिकटून रचायच्या पातळ सेलच्या थरांमुळे.

बटरफ्लाय व्हॉल्व्हच्या डिस्कवरचा (आत फिरणाऱ्या चकतीवरचा) टॉर्क काढायचा होता. पाच लेअर मागितले. रात्रभर रन, सकाळी मेश बिनतक्रार तयार. लॉगच्या शेवटी लेअरचा तक्ता येतो, तो बघितला तर डिस्कवर सरासरी तीनसुद्धा नाहीत. पॅराव्ह्यूत (मेश आणि निकाल बघायचं सॉफ्टवेअर) काप घेतला. सपाट भागावर लेअर झकास, आणि डिस्कच्या कडेला, जिथे प्रवाह सुटतो नेमका तिथे, एकही नाही. यात स्नॅपीचं चुकत नाही म्हणा. लेअर घुसवताना सेलची प्रत बिघडली की तो तिथून माघार घेतो. फीचर अँगल, म्हणजे किती धारदार कडेपर्यंत लेअर वळवायचे तो कोन, 60 वरून 130 केला, प्रतीच्या अटी सैल केल्या, थोडे लेअर आले. मग सीटजवळचे (डिस्क बंद होताना टेकते तिथले) गेले. एक बाजू झाकावी तर दुसरी उघडी. माझा सेटअप कच्चा असेलही.

त्याच डिस्कवर सीएफमेशने कडेला वळसा घालून पाचही लेअर दिले. फुकट नाही दिले: मेश तपासणाऱ्या चेकमेशने कडेचे काही फेस फारच तिरके म्हणून दाखवले आणि सॉल्व्हरमध्ये नॉन-ऑर्थोगोनल करेक्टर (तिरक्या फेससाठीच्या दुरुस्तीच्या फेऱ्या) वाढवावे लागले. पण चेकमेश निदान बोट ठेवून जागा दाखवतो. गायब झालेला लेअर शोधायला आपल्यालाच काप घेत बसावं लागतं.

हीट एक्स्चेंजरसारखं, धातू आणि पाणी दोन्ही सोडवायचं काम असेल तर मात्र वाद नको, स्नॅपी घ्या. एका फटक्यात वेगवेगळे झोन करणं त्याला जमतं. सीएफमेशच्या मोफत आवृत्तीत मी त्या वाटेला जात नाही. बाह्य प्रवाहातही स्नॅपीला गाडीची एसटीएल (पृष्ठभागाची फाइल) नुसती दिली तरी चालते, सीएफमेशला भोवतालचा खोका त्याच सरफेसमध्ये जोडून द्यावा लागतो. अडलात तर विचारायला माणसंही स्नॅपीचीच जास्त.

एकाच द्रवाचं, भिंतीलगतच्या प्रवाहावर उत्तर ठरणारं काम असेल तर मी आधी सीएफमेश लावून बघेन. तुमच्या भूमितीतली सर्वांत धारदार कड निवडा, दोन्हीने मेश करा आणि फक्त तिथे काप घेऊन लेअर मोजा. अर्धा दिवस जाईल.