डेबियन की निक्सओएस: अपग्रेडच्या मध्येच वीज गेली तर

डेबियन आणि निक्सओएस या लिनक्सवर आधारित दोन संगणक-प्रणाली. या दोहोंत निवड करताना सिस्टिमडीच्या (यंत्र सुरू होताना इतर सेवा चालू करणाऱ्या प्रोग्रामच्या) वादात शिरण्याचे कारण नाही, कारण तो प्रोग्राम दोन्हीकडे आहेच. खरा फरक पॅकेज, म्हणजे एखाद्या प्रोग्रामच्या फायलींचा संच, डिस्कवर कसे ठेवायचे, यात आहे. डेबियनमध्ये नव्या आवृत्तीच्या फायली जुन्या फायलींच्या जागी बसतात. निक्सओएसमध्ये प्रत्येक पॅकेजला ‘निक्स स्टोअर’मध्ये स्वतंत्र फोल्डर मिळते, त्याच्या नावात हॅश (ओळख पटवणारी अक्षरे-अंकांची मालिका) असतो आणि नवी आवृत्ती आली तरी जुनी जागची हलत नाही.

हा फरक मला एका पावसाळ्यात उमगला. गावच्या घरी, यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर, डेबियनचे मोठे अपग्रेड चालू असताना वीज गेली. परत आली तेव्हा काही पॅकेजेस नवी, काही जुनी आणि काही अर्धवट मांडलेली होती. लॉगिनचा पडदा येईना. रिकव्हरी मोडमध्ये जाऊन ‘डीपीकेजी’ या डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाकडून उरलेली मांडणी पूर्ण करून घेतली आणि यंत्र सुरू झाले, पण त्यात माझी सबंध संध्याकाळ गेली. दोष विजेचा होता, हे मान्य. तरीही चालू प्रणालीवरच दुरुस्ती करण्याची ही पद्धत तेव्हापासून मला खटकू लागली.

पुढे निक्सओएसवरही असाच प्रसंग आला. तिथे नवी ‘जनरेशन’, म्हणजे संपूर्ण प्रणालीची नवी आवृत्ती, पूर्ण तयार झाल्याशिवाय यंत्र सुरू होतानाच्या बूट मेनूत येत नाही, त्यामुळे यंत्र मुकाट्याने जुन्या जनरेशनवर सुरू झाले आणि मी तीच आज्ञा पुन्हा दिली. एवढ्या अनुभवावरून सर्वांसाठी निष्कर्ष काढणे कदाचित घाईचे ठरेल, परंतु माझ्यापुरता निर्णय त्याच दिवशी झाला.

त्याची किंमतही मोजावी लागते. जुन्या जनरेशन डिस्क व्यापतात, म्हणून अधूनमधून साफसफाई करावी लागते, आणि साध्या बदलासाठीही निक्सची भाषा थोडीफार शिकावी लागते. त्याहून मोठी अडचण म्हणजे बाहेरून उतरवलेला तयार प्रोग्राम नेहमीच्या जागी लोडर (प्रोग्राम सुरू करून देणारी फाइल) शोधतो, खरा लोडर तिथे नसतो आणि प्रोग्राम चालत नाही. ही उणीव भरून काढणाऱ्या ‘निक्स-एलडी’ने पुष्कळदा काम भागते, नेहमीच नाही. माझ्या डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनचा ड्रायव्हर ‘डेब’ या डेबियनच्या पॅकेज-स्वरूपातच मिळाला. ज्यांचे रोजचे काम अशा साधनांवर अवलंबून आहे, त्यांना डेबियनच सोयीचे जाईल असे वाटते. इतरांनी निक्सओएस निदान महिनाभर वापरून पाहावे. मी स्वतः टोकनपुरते डेबियन एका व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) ठेवले आहे.