घराच्या नंबरचे आकडे: मागची बाजू बघितल्याशिवाय पैसे देऊ नका

घराच्या दर्शनी भिंतीवरचे आकडे ही इतकी छोटी खरेदी असते की त्यात कोणी फसवेल, असं मनातही येत नाही. म्हणूनच इथे सर्रास फसवतात. फसवणुकीचा पत्ता लागतो तो पहिल्या पावसानंतर, प्रत्येक आकड्याखाली भिंतीवर तांबूस ओघळ उतरलेले दिसतात तेव्हा. तोवर बिल हरवलेलं असतं आणि फिटर फोन उचलत नाही.

पहिली मेख शब्दांत असते. ‘ब्रास फिनिश’ म्हणजे पितळ नव्हे, पितळी रंग. आत लोखंड, जस्ताचा मिश्रधातू किंवा चक्क प्लॅस्टिक असू शकतं. ओळखायला तीन गोष्टी पुरतात: चुंबक, वजनकाटा आणि खिळा. चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे. वजनाचं गणित सोपं आहे. १०० मिमी उंच, १५ मिमी रुंद, ५ मिमी जाड असा ‘एक’चा सरळ दांडा भरीव पितळेचा असेल तर साधारण ६४ ग्रॅम भरतो, ॲल्युमिनियमचा २० आणि प्लॅस्टिकचा जेमतेम ८. जस्ताचा मिश्रधातू मात्र ५० ग्रॅमच्या आसपास जातो आणि हाताला फरक कळत नाही. तिथे आकडा उलटा करून मागे खिळ्याने ओरखडा काढायचा. खरं पितळ आतही पिवळंच असतं, मुलाम्याखालून करडा धातू डोकावतो. दुकानदार ओरखडा काढू देत नसेल तर त्यातच उत्तर आलं.

स्टीलच्या बाबतीत चुंबकावर विसंबू नका. ‘बघा, चुंबक चिकटत नाही, म्हणजे ३०४ आहे’ (३०४ हा स्टेनलेस स्टीलचा एक चांगला ग्रेड) हे वाक्य हमखास ऐकवलं जातं आणि ते अर्धसत्य आहे. स्वस्तातलं २०२ ग्रेडसुद्धा चुंबकाला सहसा दाद देत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल ४ ते ६ टक्क्यांवर आणून मँगनीज वाढवलेलं असतं, त्यामुळे ते उघड्यावर लवकर डागाळतं. ग्रेड ओळखायला चाचणीचे रासायनिक थेंब मिळतात. विकणाऱ्याकडे ते असतील तर आकड्याच्या मागच्या बाजूला टाकायला सांगा. नसतील तर निदान बिलावर ग्रेड लिहून घ्या. नुसतं ‘एसएस’ लिहिलेलं बिल नंतर काहीच सिद्ध करत नाही. समुद्राजवळ ३०४ वरही डाग येतात, तिथे ३१६ घ्यावं.

मापातली लबाडी जास्त साधी. ‘६ इंची’ म्हणून पाटीची उंची सांगतात आणि तिच्यावरचा आकडा भरतो साडेतीन इंच. लांबून वाचण्यासाठी दर १० फुटांना १ इंच उंची, असा ढोबळ हिशोब धरतात. रस्ता ४० फुटांवर असेल तर आकडाच ४ इंच हवा, पाटी नव्हे. त्याच उंचीचे कागदी आकडे कापून भिंतीला लावा आणि रस्त्यावरून बघा. चकचकीत स्टील फिकट राखाडी भिंतीवर फोटोत देखणं दिसतं, प्रत्यक्षात उन्हात गायब होतं.

सगळ्यात मोठा घात मात्र बसवताना होतो. तीन आकड्यांना प्रत्येकी दोन-तीन स्टड (आकड्यामागून भिंतीच्या भोकात जाणाऱ्या धातूच्या काड्या), म्हणजे सहा ते नऊ भोकं. एवढी मेहनत टाळण्यासाठी काही फिटर स्टडच कापून टाकतात आणि आकडा दुहेरी टेपने किंवा सिलिकॉनने चिकटवतात. समोरून पत्ता लागत नाही. ओळखायची खूण म्हणजे स्पेसर, आकडा भिंतीपासून थोडा पुढे धरणाऱ्या छोट्या नळ्या. आकडा भिंतीपासून १०-१५ मिमी उचललेला ठरला असताना चपटा बसला असेल, तर मागे काय झालं ते विचारा. रंगाच्या थरावर चिकटलेली टेप उन्हाने सुटते, बहुधा रंगाचा पापुद्रा घेऊनच. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर नकोच. ते पितळ काळं करतं आणि सिमेंटला नीट धरत नाही. न्यूट्रल प्रकारचंच मागा.

स्क्रूचे आकडे असतील तर भोकाची खोली बघा. प्लॅस्टर १२ ते २० मिमी जाड असतं. भोक तेवढंच पाडलं तर प्लग (स्क्रू धरणारी प्लॅस्टिकची नळी) प्लॅस्टरमध्येच अडकतो आणि महिन्याभरात हलू लागतो. ६ मिमी प्लगला ३५-४० मिमी खोल भोक हवं, आतली धूळ फुंकून काढलेली हवी. टाइलवर आधी टाइलच्या बिटने, ड्रिलचा हॅमर मोड, म्हणजे ठोके देत फिरणं, बंद ठेवून जायचं, नाहीतर तडा गेलाच. स्क्रूही स्टेनलेसचेच हवेत. वर सांगितलेले ओघळ बऱ्याचदा आकड्यांचे नसून फुकट मिळालेल्या लोखंडी स्क्रूंचे असतात.

सोबत मिळणारा कागदी नमुना भिंतीवर लावण्याआधी पट्टीने मोजा. छापताना पानात बसवायला तो लहान झालेला असला, तर एकही भोक जुळत नाही आणि दोष भिंतीवर ढकलला जातो. पाणसळ लावून रेघ मारा. ‘१’च्या दोन्ही बाजूंना जागा किंचित कमी ठेवा, नाहीतर तो एकटा पडल्यासारखा दिसतो.

आकडे आधीच टेपवर बसले असतील तर उचकटू नका. हेअर ड्रायरने गरम करून मागून जाड नायलॉनचा दोरा करवतीसारखा फिरवा, रंग बऱ्यापैकी वाचतो. कापलेल्या स्टडचे आकडे मात्र पुन्हा भोकात बसत नाहीत. ते परत करून पूर्ण स्टडचे मागा आणि कापलेले तुकडे बिलासोबत जपून ठेवा.