चार लाख साठ हजारांचा विंचू

आधी किंमत, कारण सातारला गाडीभोवती कोणीही एक चक्कर मारली की पहिला प्रश्न तोच असतो. २०१६ची फियाट अबार्थ पुंटो, म्हणजे साध्या पुंटो हॅचबॅकचीच विंचवाच्या चिन्हाची ताकदवान बहीण, दुसऱ्या मालकाकडून, ६१ हजार किलोमीटर झालेली, चार लाख साठ हजारांना. त्यावर पहिल्या वर्षात काय गेलं तेही खाली सांगणार आहे. तो खर्च न सांगता जुन्या गाडीची नुसती किंमत सांगणं म्हणजे प्लॉटचा भाव सांगायचा आणि घर केवढ्याला पडलं ते गिळून टाकायचं.

माझं वय ५१. इन्कम टॅक्स आणि जीएसटीची रिटर्न भरायचं माझं छोटं ऑफिस आहे. मुली नोकरीला लागल्या, घराचं कर्ज फिटलं आणि जुनी वॅगन आर विकायची वेळ आली, तेव्हा घरातल्यांनी परस्पर माझ्यासाठी एक उंच, पांढरी, ऑटोमॅटिक गाडी ठरवून टाकली होती. माझं म्हणणं वेगळं होतं. मला गिअर टाकायला आवडतात. यवतेश्वराचा घाट, पसरणीचा घाट आयुष्यभर एक लिटरच्या इंजिनाला दामटत चढले. एकदा तरी गाडीने मला ओढून वर न्यावं एवढीच इच्छा होती. धाकटी फोनवर म्हणाली, "आई, या वयात लोक सोनं घेतात." सोनं घाटात चालवता येत नाही.

खरी स्पोर्ट्स कार, म्हणजे दोन सीटची, छप्पर उघडणारी, आपल्या खिशाला परवडेल अशी आपल्याकडे जवळजवळ मिळतच नाही. त्यामुळे पाच लाखांच्या आसपास शोधायचं तर चपळ हॅचबॅककडेच यावं लागतं. पोलो जीटी टीएसआय पाहिली. १.२ लिटरचं १०५ पीएसचं इंजिन सुरेख, पण सोबत सात गिअरचा डीएसजी येतो, म्हणजे क्लचचं पेडल नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मला क्लच हवा होता, आणि वॉरंटी संपलेल्या डीएसजीचं बिल अंगावर घ्यायची हिंमत नव्हती. बलेनो आरएस चालवली. बरी आहे. सर्व्हिसची चिंता नाही, भाव टिकतो, आणि उतरल्यावर वळून बघावंसं वाटत नाही.

अबार्थचं गणित निराळं. १३६८ सीसीचं टर्बो पेट्रोल टी-जेट इंजिन, १४५ हॉर्सपॉवर, २१२ न्यूटन मीटर टॉर्क, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. ऑक्टोबर २०१५मध्ये ती आली तेव्हा दिल्लीत एक्स-शोरूम किंमत होती ९ लाख ९५ हजार. दहा लाखांच्या आत एवढी ताकद तेव्हा दुसरं कोणी देत नव्हतं. तरी खपली नाही. सर्व्हिसचं नाव वाईट, विकायला गेलं की भाव नाही, आणि पुढे कंपनीने इथल्या आपल्या नावाच्या गाड्याच बंद केल्या. बनत होती कुठे, तर आपल्याच पुणे जिल्ह्यात, रांजणगावला. नवी घेणाऱ्याला जे नडलं तेच जुनी घेणाऱ्याच्या पथ्यावर पडतं. एवढ्या ताकदीची गाडी निम्म्याहून कमी पैशांत मिळते. मात्र एका अटीवर. आधी मिस्त्री शोधायचा, मग गाडी.

मी तसंच केलं. कराडला एक मिस्त्री आहेत, पूर्वी फियाटच्या वर्कशॉपमध्ये होते, आता स्वतःचं गॅरेज चालवतात. गाडी हातात नसतानाच जाऊन भेटले. त्यांनी दारात उभ्या असलेल्या एका लिनियाचं, फियाटच्याच दुसऱ्या गाडीचं, बॉनेट उघडून दाखवलं. "ताई, ह्यात बी टी-जेटच हाय. पार्ट मिळत्यात, थोडं थांबायची तयारी ठिवा. पन टायमिंग बेल्टचा कागद दाखवल्याशिवाय कुनाला इसार देऊ नका." या इंजिनात व्हॉल्व्हची वेळ सांभाळायला, म्हणजे टायमिंगला, साखळी नाही, रबरी बेल्ट आहे. तो वेळेवर बदलला नाही आणि तुटला, तर इंजिन उघडायची पाळी येते. बदलताना बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंपही सोबतच बदलायचा, कारण मजुरी एकदाच लागते.

गाडी मिळाली सांगलीत, विश्रामबागेत. मालक तिशीतला मुलगा, परदेशी निघालेला. त्याला फोनवर बजावून सांगितलं होतं की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नकोस. पोचलो तर बॉनेट गरम! "काकू, जरा पुसून-बिसून बाहेर काढली." गरम इंजिन गुळगुळीतच सुरू होतं, खरं काय ते थंड असताना कळतं. मग आम्ही सरळ बाजारात गेलो, भडंग घेतला, चहा प्यायलो आणि दोन-अडीच तासांनी परत आलो. या वेळी मी मागे उभी राहिले आणि त्याला चावी फिरवायला सांगितली. निळसर धूर आला असता तर तिथूनच सातारा गाठला असता, कारण निळा धूर म्हणजे तेल जळतंय आणि टर्बोच्या गाडीत ते महागात जातं. आला नाही. पोरगा मात्र सगळं काही माझ्या नवऱ्याला समजावून सांगत होता. टर्बो कसा, क्लच कसा, कोणतं ऑइल. शेवटी हेच म्हणाले, "तिला सांगा हो. मला यातलं फक्त बसता येतं."

सांगली म्हटल्यावर दुसरी तपासणी आलीच. ऑगस्ट २०१९च्या महापुरात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांपर्यंत गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ची. अशा वेळी बुडालेल्या गाड्या पुढे धुऊन, पॉलिश मारून कुठे कुठे जातात ते कोणी लिहून ठेवत नाही. आमच्याकडे पाणी आलं नाही असं मालक म्हणाला. असेलही. मी सीटबेल्ट धरला आणि ओढत ओढत अगदी शेवटपर्यंत बाहेर काढला. बेल्टचा तो शेवटचा वीतभर तुकडा गाडीच्या आयुष्यात सहसा उजेड बघत नाही आणि धुणारा तिथवर पोचत नाही. पुरातली गाडी असेल तर तिथे मातकट रेघ दिसते, कधी नखाने खरवडली की गाळ निघतो. चारही बेल्ट तसे काढले. कोरे करकरीत. मग डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीची खाच, पुढच्या सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंज, हेडलाइटच्या काचेआतली धूळ. सीटखाली सापडली ती एक कॅडबरीची चांदी आणि दहाचं नाणं. नाणं परत दिलं.

बेल्टचा कागद काही त्याच्याकडे नव्हता. "बदललाय बहुतेक," म्हणाला. या "बहुतेक"चे मी पंचवीस हजार कमी करून घेतले आणि सौदा चार साठला पक्का झाला.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण यात अवघड काही नाही, फक्त चिकाटी लागते. आधी परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून कर्जाचा बोजा, विमा आणि चलन बघा. बोजा चढलेला असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. एक्सप्रेसवेवरची वेगाची चलनं थकलेली होती, ती त्याच्याकडून भरून घेतली. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. राज्य तेच असल्यामुळे नंबर बदलत नाही, म्हणून गाडी आजही एमएच १० आहे आणि पोवई नाक्यावर लोक मला सांगलीची पाहुणी समजतात. गाडी १ एप्रिल २०१९च्या आधीची, तेव्हा हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते. विम्यातली एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट, गाडीचा नसतो, मालकाचा असतो. त्याचा मला मिळाला नाही, पण वॅगन आर विकताना माझ्या बोनसचं पत्र घेऊन ठेवलं होतं, ते इथे लावलं.

आता पहिल्या वर्षाचा खर्च. बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप मजुरीसकट २४ हजार. चार टायर, १९५/५५ आर १६, ३४ हजार. पुढच्या सस्पेन्शनचे बुश आणि लोअर आर्म १६ हजार. बॅटरी ६ हजार, विमा १३ हजार. बेरीज ९३ हजार, म्हणजे गाडी पडली पाच लाख त्रेपन्न हजारांना. "धंद्याच्या खर्चात टाका की मॅडम, १५ टक्के घसारा मिळेल," असा सल्ला मला माझेच क्लायंट देतात. थोसेघरला कोणता क्लायंट असतो?

थोसेघरचं नाव निघालं ते उगीच नाही. सज्जनगडाकडे जाणारा रस्ता धरून पुढे थोसेघर आणि मग चाळकेवाडीचं पवनचक्क्यांचं पठार, हा या गाडीचा रस्ता. खालच्या दोन हजार आरपीएमपर्यंत ती काहीच करत नाही. एखाद्या साध्या पुंटोसारखी, किंचित जडच. गोडोलीच्या गर्दीत चालवणाऱ्याला वाटेल की आपल्याला फसवलं. चढाला लागलं की तिसरा गिअर टाकायचा, काटा दोनच्या पुढे जाऊ द्यायचा, आणि मग बॉनेटखालून एक बारीक शिट्टी येते. तिच्यामागोमाग पाठ सीटला टेकते. चढ आहे हे फक्त डोळ्यांना दिसतं, गाडीला कळत नाही. स्टिअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं आहे, आजच्या गाड्यांच्या मानाने जड, पण रस्त्यावर खडी आहे की ओल, ते तळहाताला समजतं. वळणातून बाहेर पडताना घाईने पाय दाबला तर मात्र पुढची चाकं स्टिअरिंगला हिसका देतात. चाकं घसरायला लागली की ताकद आवरणारं ट्रॅक्शन कंट्रोल नाही. पावसात तर पाय अगदी जपून. या वयात एक बरं असतं, सिद्ध करण्यासारखं काही उरलेलं नसतं, त्यामुळे पाय आपोआप जपून पडतो.

पुण्याला जाताना बोगदा लागतो आणि येताना मी खंबाटकीचा घाट घेते, म्हणून मला पुण्याहून परत येणंच जास्त आवडतं. ट्रकच्या रांगेतून ओव्हरटेकला जागा मिळाली की गिअर खाली घ्यायचीही गरज पडत नाही. कासला मात्र फुलांच्या दिवसांत ही गाडी नेऊ नका. गर्दीत क्लच दाबून दाबून डावा पाय भरून येतो.

डाव्या पायाचीच मुख्य तक्रार आहे. क्लचशेजारी पाय टेकवायला डेड पेडल दिलेलं नाही. महामार्गावर तो पाय कुठे ठेवायचा हा प्रश्न दहा लाखांच्या गाडीत पडायला नको होता. मागची सीट कोंदट. सासूबाई एकदा कोरेगावपर्यंत बसल्या आणि उतरताना म्हणाल्या, "गाडीत बसले का विहिरीत?" ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिलिमीटर, आणि आमच्या कॉलनीतला स्पीडब्रेकर नगरसेवकाच्या उत्साहाने बांधलेला आहे, तिरकी घातल्याशिवाय पोट घासतंच. खड्ड्यांत सस्पेन्शन कडक लागतं. ॲव्हरेज गावात दहा, कराड रस्त्याला चौदाच्या आसपास. विंचवाच्या चिन्हावरूनही सासूबाईंची कुरकुर होती. मग त्यांना सांगितलं की कार्लो अबार्थ हा माणूस नोव्हेंबर १९०८चा, वृश्चिक राशीचा, म्हणून विंचू. रास म्हटल्यावर त्या गप्प झाल्या.

दोन सवयी लावून घ्याव्या लागतात. घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवायची नाही. मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवायचं म्हणजे टर्बो निवतो. आणि ऑइल सिंथेटिक ५डब्ल्यू-४०च, त्यात काटकसर नाही. शिवाय ही गाडी बनली तेव्हा पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल नव्हतं, म्हणून इंधनाचे रबरी पाइप दर सर्व्हिसला बघून घेते. इथेनॉल आपल्याच साखर कारखान्यांचं. तक्रार तरी कोणाकडे करायची?

कारखान्यांवरून आठवलं. गाळप सुरू झालं की रात्री कराड, इस्लामपूरच्या बाजूला वेगाचा विचारही करू नका. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर पाचटाखाली झाकलेला. त्या चार-पाच महिन्यांत ही गाडी पहाटेची किंवा रविवारची.

घरात एकच गाडी असेल, रोज मुलांना शाळेत सोडायचं असेल किंवा गॅरेजात पार्टची वाट बघत गाडी पडून राहिली की जीव कासावीस होत असेल, तर बलेनो घ्या, मनापासून सांगते. माझे ऑफिसला जायचे दिवस स्कूटरवर निघतात म्हणून मला हे चालतं. आणि कुठे अबार्थ विकायला दिसलीच, तर बेल्टचं बिल मागा. बिल असेल, सीटबेल्ट शेवटपर्यंत स्वच्छ असतील, तर सहा लाख सांगणाऱ्यालाही पाचावर आणता येतं, कारण गिऱ्हाईक फार नाही हे त्यालाही माहीत असतं. बिल नसेल तर पंचवीस हजार आधी वजा करा, मग बोलायला बसा.