‘मीटर फास्ट पळतंय’ म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका

42,190 रुपये गेले. त्यातले 7,500 मीटर दुरुस्त करतो म्हणून दारात आलेल्या भामट्याने नेले आणि उरलेले 34,690 मला वीज कंपनीला भरावे लागले, तेही वीजचोर म्हणून. लिहायला लाज वाटते. बायको नकोच म्हणत होती. पण हे सगळं झाल्यावर आमच्याच गल्लीतल्या दोघांनी हळूच सांगितलं की तो त्यांच्याकडेही येऊन गेला होता. त्यांनी आधी तोंड उघडलं असतं तर मी वाचलो असतो, म्हणून मी गप्प बसणार नाही.

आमचं साताऱ्यात जुनं, स्वतःचं घर आहे. मीटर बाहेर पडवीत. जानेवारीत जुनं मीटर काढून स्मार्ट मीटर लावून गेले. मार्चचं बिल आलं 240 युनिटचं, 2,710 रुपये. गेल्या वर्षी मार्चमध्ये 150 युनिट, 1,510 रुपये होतं. गल्लीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, नवीन मीटर पळतंय. यंदा कूलर मार्चमध्येच काढला होता, आईच्या खोलीत रात्रभर चालायचा. शंभर युनिटच्या पुढे वीज आकाराचा दर दुपटीहून जास्त होतो, त्यामुळे वाढलेलं प्रत्येक युनिट महागातलं असतं. हे मला आता कळतंय. तेव्हा डोक्यात फक्त राग होता, आणि तो माणूस नेमका त्याच दिवसांत आला.

11 एप्रिल, सकाळी अकराच्या सुमारास. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात टाँगटेस्टर, म्हणजे वायरीतला करंट मोजायचा चिमटा. माझं नाव, बारा आकडी ग्राहक क्रमांक, मागच्या बिलाची रक्कम, सगळं तोंडपाठ. मला वाटलं ऑफिसातूनच आलाय, नाहीतर एवढं कसं माहीत? अहो, बिल फाटकाच्या सळईत खोचून जातात! आमचं दोन दिवस तिथेच होतं. तुमचं बिल फाटकाला असेल तर आत्ता उठून काढा.

म्हणाला, “दादा, या लॉटचे मीटर तीस टक्के फास्ट आहेत. कंपनी बोलत नाही, पण आमच्या एजन्सीला कॅलिब्रेशनचं, म्हणजे मीटर नीट करायचं काम दिलंय. पटत नसेल तर घरातली सगळी बटणं बंद करा, मी दाखवतो.”

आम्ही बटणं बंद केली. पंखे, ट्यूब, टीव्ही, सगळं. तरी मीटरवरचा लाल दिवा लुकलुकत होता. त्याने मोबाइलवर वेळ लावून मला मोजायला लावलं. मिनिटाला वीस. “बघा, घरात काहीच चालू नाही आणि युनिट पडतायत.” शेजारचे काकाही बघत होते. माझं डोकं फिरलं, त्याच्यावर नाही, वीज कंपनीवर.

आणि त्या वेळी मला फ्रीजचा आवाज येत होता. पडवीच्या भिंतीला लागूनच आमचं स्वयंपाकघर आहे, फ्रीज त्या भिंतीला टेकून. मी दिवा मोजत होतो आणि कानाला फ्रीजची घरघर ऐकू येत होती. त्या दिवशी सकाळी आठ ते दहा लाइट गेली होती, म्हणजे इन्व्हर्टर चार्जिंगला लागलेला. माझ्या मीटरवर छापलंय, 3200 वेळा दिवा लागला की एक युनिट. मिनिटाला वीस म्हणजे तासाला बाराशे, म्हणजे पावणेचारशे वॉट. फ्रीज आणि चार्ज होणारा इन्व्हर्टर मिळून तेवढेच घेतात. मीटर अगदी बरोबर चाललं होतं. हा हिशेब मी नंतर पाच मिनिटांत कागदावर केला. त्या सकाळी का नाही केला, हे आठवून अजून रात्री झोप लागत नाही. त्याने “बटणं बंद करा” म्हटलं, “मेन पाडा” म्हटलं नाही. हा एक शब्द मी पकडायला हवा होता. मेन पाडून बघा. मेन पाडल्यावरही दिवा लुकलुकला तरच शंका घ्या, आणि ती शंकासुद्धा लेखी अर्जात घाला.

तपासणीचे 600 रुपये त्याने मोबाइलवर मागितले. स्कॅन केल्यावर एका बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, “मॅडमचं खातं आहे, कलेक्शन तिकडे जातं.” मी पाठवले. वेळ 11.19, ती पावती अजून आहे. दुरुस्तीचे 6,900 मात्र रोख. आईच्या औषधांसाठी कपाटात ठेवलेले होते, त्यातले दिले. आईने त्याला चहा दिला, “बाळा, उन्हाचं फिरू नकोस” म्हणाली.

मग त्याने मीटरच्या खालच्या झाकणाचं सील कटरने तोडलं आणि तुकडे शर्टाच्या खिशात टाकले. खाली टाकले नाहीत, मला दाखवले नाहीत. दहा मिनिटं पाठ करून काहीतरी केलं, दुसरं सील अडकवलं, त्यावर नंबर नव्हता. पावती मागितली तर “ऑनलाइन येईल, नंबर घ्या माझा.” नंबर संध्याकाळपासून बंद.

काही जण म्हणतील, बिल कमी करायला गेलात तर हेच होणार. मी वीज चोरायला गेलो नव्हतो. माझं म्हणणं एवढंच होतं की जेवढी वापरली तेवढीच लावा. चोरी करायची असती तर भर दिवसा, शेजाऱ्यांसमोर, स्वतःच्या खात्यातून पैसे पाठवून केली असती का?

एप्रिलचं बिल 236 युनिट, मेचं 251. काहीच फरक नाही. 10 जूनला वीज कंपनीचं भरारी पथक आलं. चार माणसं, कॅमेरा चालू. त्यांनी झाकण उघडलं तर आत बोटभर लांबीची काळी वायर, फेजच्या, म्हणजे करंट आणणाऱ्या तारेच्या, येणाऱ्या आणि जाणाऱ्या टोकांना जोडलेली, करंट मीटरला चुकवून जावा म्हणून. मीटरला यंत्र लावून त्यांनी नोंद काढली. झाकण उघडलं, 11 एप्रिल, 11.42. लाइट असो वा नसो, या मीटरमध्ये झाकण उघडल्याची तारीख-वेळ बसते आणि ती वरती ऑफिसात दिसते. म्हणजे कुणी कितीही सफाईने हात घातला तरी तुम्ही पकडले जाणारच, आणि हात घालणारा तोपर्यंत चार गावं पुढे गेलेला असतो.

पथकातल्या इंजिनिअरनेच मला सांगितलं की हे मीटर फेज आणि न्यूट्रल (परतीची तार) दोन्हींचा करंट मोजतं, जो जास्त त्यावर युनिट लावतं. फेजला वायर मारून काही उपयोग नसतो. मी म्हटलं, “साहेब, मग माझे युनिट पूर्ण पडलेत, चोरी झाली कुठे?” त्यांचं उत्तर, “ते तुम्ही वरती सांगा.”

वरती सांगितलं. तीन ऑफिसं, सात फेऱ्या. घरातले पंखे, गीझर, कूलर मोजून, तास धरून, दुप्पट दराने बिल काढलं 1,42,050 रुपये. बारा महिन्यांचं! त्यांच्याच मीटरच्या नोंदीत तारीख 11 एप्रिल आहे, म्हणजे पथक येईपर्यंत 61 दिवस. ती नोंद मला चोर ठरवायला चालते, पण दिवस मोजायला चालत नाही? शेवटी ओळखीच्या वकिलांनी वीज कायदा 2003 चं कलम 154 काढून दिलं. त्यात स्पष्ट आहे, बारा महिने किंवा चोरीचा नेमका कालावधी सिद्ध झाला तर तो, जे कमी असेल ते. ते जोडून अर्ज दिला तेव्हा 23,740 वर आलं. कलम 135 खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे, त्यामुळे गुन्हा मिटवायला तडजोडीचे 8,000 आणि नवीन मीटरचे 2,950. लढायचं होतं, पण आईला घरात पोलीस यायला नको होते. ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जावं तर चोरीची प्रकरणं तिथे घेतच नाहीत. मग माझ्यासारख्याने जायचं कुठे?

पोलीस ठाण्यात तर त्याहून वाईट. ठाणे अंमलदार म्हणाले, पैसे ऑनलाइन गेलेत, सायबर फसवणुकीच्या 1930 ला फोन करा. तिथे 600 रुपयांची तक्रार घेतली आणि समोरासमोर झालेल्या रोखीसाठी ठाण्यात जा म्हणाले. परत ठाण्यात गेलो तर, “मीटर तुम्हीच उघडायला दिलंत, तुमच्यावर आधीच केस आहे, कशाला वाढवता?” मी दोन कागद समोर ठेवले. 11.19 ला पैसे गेले, 11.42 ला झाकण उघडलं. याहून सरळ पुरावा काय असतो? ज्या खात्यात पैसे गेले त्या बाईला एक फोन करायचा होता. भारतीय न्याय संहितेच्या 318 खाली फसवणुकीचा गुन्हा होतो, हे मी त्यांना सांगायचं? साधा अर्ज घेतला, शिक्का दिला, संपलं. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात तो नक्की आला असणार, पण चित्रण पंधरा दिवसांत पुसलं जातं. असं काही घडलं तर पहिल्याच दिवशी कॅमेऱ्याचं चित्रण घेऊन ठेवा, ठाणं नंतर.

मीटरची शंका असेल तर वीज कंपनीच्या उपविभाग ऑफिसात लेखी अर्ज द्या, तपासणीचं शुल्क भरून पावती घ्या. तिथे कोणी दारात येऊन रोख मागत नाही. मीटर लावताना जे सील मारतात त्याच्या नंबरचा फोटो आजच काढून ठेवा, माझ्याकडे असता तर निदान सील बदललंय हे दाखवता आलं असतं. ओळखपत्र बघून काही कळत नाही, त्याला बाहेर थांबवून बिलावरच्या नंबरला फोन लावा.

जाताना तो आईला म्हणाला होता, “आजी, निघतो, कोरेगावला अजून आठ घरं करायचीत.” कोरेगाव भागात एप्रिलमध्ये कुणाकडे असा माणूस येऊन गेला असेल, तर झाकण स्वतः उघडून बघू नका, तुमचीही नोंद पडेल. त्याच दिवशी ऑफिसात लेखी कळवा, पोच घ्या, आणि मलाही सांगा. आठ जणांचे अर्ज एकदम गेले तर त्या खात्यावरचं नाव ठाण्याला वाचावंच लागेल.